आधी संखेड्याला जाऊन या

आदरणीय ताई,
स. न. वि. वि. मी दांडिया बाजारात राहतो. बँकेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली. चांदोदला एका नावाड्याच्या अंगणात जुनी सागवानी नाव पालथी पडून होती, अठरा फुटी. ती घेतली आणि डभोईजवळ मेहुण्याच्या शेतावर पत्र्याच्या शेडमध्ये आणून ठेवली. तीन वर्षं शनिवार-रविवार तिथेच गेले. कुजलेल्या फळ्या बदलल्या, फटींत कापसाचे पीळ ठोकून राळ भरली, तांब्याचे खिळे मुंबईहून मागवले. हाताखाली संखेड्याचा एक मुलगा होता, बावीस वर्षांचा. त्याचे वडील लाखेचं फर्निचर करायचे. अक्षय तृतीयेला मल्हारराव घाटावरून नाव पाण्यात सोडायची ठरली होती.

त्याच्या चार दिवस आधी नाव जळाली. त्या दिवशी दुपारभर आम्ही आतून बेल तेल लावलं आणि चार वाजता काम आटोपलं. चिंध्या गोणपाटात भरून पुढच्या टोकाखाली कोपऱ्यात ठेवल्या. पेट्रोलचा कॅन मी गाडीतून घरी आणला होता. बॅटरी चार्जिंगला होती, पण सात वाजता शेतावरची वीज गेली ती रात्रभर आलीच नाही. साडेआठच्या सुमारास शेतावरच्या गड्याला तळण करपल्यासारखा वास आला. त्याला वाटलं, शेजारच्या वाडीत काही चाललंय. सव्वादहाला जाळ दिसला. बंब आला तेव्हा खिळे आणि सुकाणूची लोखंडी पट्टी एवढंच उरलं होतं.

तो मुलगा बिडी ओढतो. काम संपल्यावर विहिरीच्या कठड्यावर बसून त्याने ओढली होती, मी पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर मी त्याला नको ते बोललो. तो काही न बोलता गेला, तो परत आलाच नाही. बारा दिवसांची मजुरीसुद्धा न्यायला आला नाही.

सौ. म्हणते, झालं ते बरंच झालं. हरणीच्या तलावात शाळेच्या मुलांची बोट उलटल्यापासून तिला पाण्याचं नाव नको. मुलगा पुण्याहून फोनवर सांगतो, फायबरची तयार घ्या, लाकडासाठी काय रडता. नावेत बसवायचं मारुती गाडीचं जुनं इंजिन मकरपुऱ्याच्या गॅरेजात तयार आहे, त्याचे पैसेही देऊन झालेत. आग कशाने लागली असेल? या वयात परत सुरुवात करावी का? आणि केली तर काय सांभाळू?
— एक वाचक, वडोदरा

•

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेऊन समासात वेळा मांडल्या. चार, सात, साडेआठ, सव्वादहा. चौतीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवल्यामुळे ही खोड लागली आहे. मुलं प्रयोगवहीत निष्कर्ष आधी लिहायची आणि निरीक्षणं मागून जुळवायची. तुमचंही तसंच झालंय. निष्कर्ष बिडीचा लिहून टाकलात, आणि निरीक्षणं पत्रात इतकी नीट दिली आहेत की ती तुमच्याच निष्कर्षाला उभं राहू देत नाहीत.

वीज सातला गेली, म्हणजे चार्जर सुटला. पेट्रोल दांडिया बाजारात होतं. इंजिन मकरपुऱ्यात. मुलगा बिडी ओढत होता तो विहिरीवर, शेडमध्ये नव्हे. आणि नावेच्या पुढच्या टोकाखालच्या कोपऱ्यात होतं काय, तर बेल तेलाने भिजलेल्या चिंध्यांनी भरलेलं गोणपाट. भाऊ, त्या गोणपाटाला बिडीची गरज नव्हती. ते आपलं आपण पेटलं असणार.

तुम्हाला हे ऐकायला विचित्र वाटेल, म्हणून सावकाश सांगते. पेंटर ज्याला बेल तेल म्हणतात ते जवसाचं तेल, अळशीचं. ते 'वाळतं' असं आपण म्हणतो, पण ओला टॉवेल वाळतो तसं ते वाळत नाही. पाणी उडून जावं तसं त्यातून ते उडून जात नाही. उलट ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि घट्ट होऊन पापुद्रा धरतं. तीही एक प्रकारे जळण्याचीच क्रिया, फक्त फार संथ, आणि तिच्यात उष्णता बाहेर पडते. बाजारात मिळणाऱ्या डबल बॉइल तेलात ते लवकर सुकावं म्हणून कोबाल्ट किंवा मँगनीजचे क्षार घातलेले असतात, त्यांनी हा वेग आणखी वाढतो. फळीवर हात मारला की ही उष्णता पातळ थरातून हवेत निघून जाते, हाताला कळतही नाही. पण तेच तेल चुरगळलेल्या चिंधीत असलं की गोष्ट बदलते. कापडाच्या धाग्याधाग्यावर तेल पसरलेलं, म्हणजे हवेला भिडायला जागा भरपूर. आणि वर गोणपाटाची गोधडी, म्हणजे उष्णतेला बाहेर पडायला वाट नाही. आत तापलं की क्रिया वाढते, क्रिया वाढली की आणखी तापतं. काही तासांत कापूस करपायला लागतो, आणि कुठून तरी पुरेशी हवा मिळाली की जाळ धरतो. एप्रिल अखेरचा बडोद्याकडचा उन्हाळा आणि दिवसभर तापलेला पत्रा, म्हणजे सुरुवातच गरम.

तुमच्या गड्याने साडेआठला जो वास घेतला, तो हाच. 'तळण करपल्यासारखा' हे त्याचे शब्द असतील तर त्याचं नाक चांगलं आहे. नुसत्या चिंधीत बिडी पडून ती धुमसली असती तर जळक्या कापडाचा वास आला असता. कोर्टात उभी राहून शपथेवर सांगणार नाही, कारण बिडीची ठिणगीही कापसात तासन्‌तास धुमसू शकते, हे खोटं नाही. पण त्यासाठी ती ठिणगी विहिरीवरून शेडमध्ये चालत यायला हवी.

मला हे पुस्तकातून कळलं नाही. १९८७ साली आमच्या घरचा जुना झोपाळा, तुम्ही त्याला हिंचकाच म्हणत असाल, सुताराने घासून तेल लावून नवा केला. चिंध्या त्याने प्लास्टिकच्या बादलीत टाकल्या आणि बादली जिन्याखाली सरकवली. रात्री जेवताना मला आपला पेंटचा वास म्हणून वाटला. ताटं उचलताना सासूबाई म्हणाल्या, "जिन्याखाली काहीतरी तापलंय गं." हात घातला तर वरच्या चिंध्या थंड, आतल्या ऊन भाकरीसारख्या. बादली अंगणात नेऊन पाण्याने भरली. त्याच आठवड्यात मी दहावीच्या वर्गाला ऑक्सिडेशन शिकवत होते! रसायनशास्त्राच्या बाईंच्या घरी हे होतं, तर तुम्ही स्वतःला फार छळू नका.

फार मोठ्या इमारतीतही हेच झालेलं आहे. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या ३८ मजली वन मेरिडियन प्लाझामध्ये आग लागली. २२व्या मजल्यावर भिंतींवरच्या लाकडी तक्त्यांना पॉलिश करणाऱ्यांनी जवसाच्या तेलाच्या चिंध्या सोडल्या होत्या. शनिवारची संध्याकाळ, मजल्यावर कुणीच नाही. तीन अग्निशामक जवान गेले. आग वर चढत गेली ती ३०व्या मजल्यावर, जिथे आपोआप पाणी सोडणारे स्प्रिंकलर होते, तिथे थांबली. बिडी नाही, शॉर्टसर्किट नाही. चिंध्या.

म्हणून 'परत सुरुवात करावी का' या प्रश्नाच्या आधी एक काम आहे. संखेड्याला जाऊन या.

त्या मुलाला हे माहीत असायला हवं होतं का? मी विचार केला. त्याच्या घरात लाखेचं काम. संखेड्याचे कारागीर लाकूड लेथवर फिरवत त्यावर लाखेची कांडी टेकवतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून चढते, मग केवड्याच्या पानाने घोटून चमक आणतात. लाख वितळते आणि थंड झाली की घट्ट होते, बस्स. तिला ऑक्सिजन लागत नाही, ती मागाहून तापत नाही. लाखेच्या घरात वाढलेल्या मुलाला कापडाची भीती कुणी शिकवणार? उलट त्याच्या घरच्या रीतीने त्याने बरोबरच केलं, काम झालं की पसारा गोळा करून एका जागी ठेवला. आणि तुमच्याच पत्रात लिहिलंय, 'गोणपाटात भरून ठेवल्या'. कुणी ठेवल्या ते लिहिलं नाहीत. दोघांनी मिळून असतील. तेल आणायला तुम्ही गेला होतात, डबा तुम्ही निवडला होतात. माहीत नसणं तुम्हा दोघांचं सारखं, फक्त त्याचा दंड त्याच्या एकट्याच्या माथी आला.

तेव्हा फोन करू नका, जाऊन या. मिठाईचा डबा आधी पुढे करू नका. बारा दिवसांची मजुरी पाकिटात घालून नेऊन आधी ती द्या, कारण ती त्याची आहे, तिचा माफीशी संबंध नाही. मग त्याला हे चिंध्यांचं सगळं समजावून सांगा; पुढे तो दुसऱ्याच्या घरी पॉलिशचं काम करेल तेव्हा त्याला ते लागेल. आणि बोललात सगळ्यांसमोर, तर माफीही सगळ्यांसमोर व्हायला हवी. मेहुणे आणि तो गडी ज्या अंगणात उभे होते, त्याच अंगणात त्यांना सांगा की माझं चुकलं, आग त्याच्या बिडीने लागली नाही. खेड्यात 'साहेबांची नाव जाळली' हा शिक्का बावीस वर्षांच्या कारागिराला किती वर्षं काम मिळू देणार नाही, हे तुम्हाला बँकेत कर्जाच्या अर्जांवरच्या शेऱ्यांवरून ठाऊक असेल. तो परत कामावर येईलच असं नाही. त्याचा तो हक्क आहे.

आता नाव. सौभाग्यवतींचं मी समजू शकते. १८ जानेवारी २०२४ च्या हरणीच्या घटनेनंतर बडोद्यात कुठल्याही घरात 'बोट' हा शब्द सहज निघत नाही. शाळेची मुलं होती ती. त्यांच्या भीतीला 'उगाच घाबरतेस' म्हणून उत्तर देऊ नका. जीवरक्षक जाकिटं आधी घ्या, लाकूड मागून, आणि ती त्यांना दाखवा. चिरंजिवांचं मात्र पटत नाही. लाकडासाठी रडायचं नसतं हे त्यांना पुण्यात बसून कसं कळलं? तुम्ही तीन वर्षं शनिवार-रविवार एका वस्तूला दिलेत. रडावंसं वाटलं तर रडा. आणि फायबर जळत नाही असं त्यांना वाटत असेल तर तेही सांगा की फायबरची बोट ज्या पॉलिएस्टर राळेने बनते ती काळाकुट्ट धूर करत उत्तम जळते. घरी फायबरची दुरुस्ती करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवायचं, म्हणजे राळेत घालायचे हार्डनर आणि कोबाल्ट हे दोन द्रव एकमेकांत थेट कधीच ओतायचे नाहीत, भडका उडतो. आधी एक राळेत ढवळायचा, मग दुसरा.

परत सुरुवात करावी का? माझं मत, करावी. पण आज नाही, आणि तशीच नाही. तुम्ही लिहिलंत की खिळे आणि पट्टी 'एवढंच' उरलं. मला वाटतं तुम्ही मोजलं नाही. बँकेतल्या माणसाने तीन वर्षांत फळ्यांची मापं, हिशेबाची वही, मोबाईलमधले फोटो ठेवले नसतील, हे मी मानणार नाही. लंडनमध्ये ग्रिनिचला 'कटी सार्क' नावाचं १८६९ सालचं शिडाचं जहाज आहे, चहाच्या व्यापारातलं. २१ मे २००७ ला, जतनाचं काम चालू असतानाच, ते पेटलं. कारण काय निघालं असेल? बहुधा कामगारांनी चालू सोडलेला कारखान्याचा व्हॅक्यूम क्लीनर. शनिवार-रविवारी चालत राहिला आणि पेटला. पण डोलकाठ्या आणि जहाजाचा बराच भाग कामासाठी आधीच उतरवून दुसरीकडे ठेवलेला होता, तो वाचला, आणि एप्रिल २०१२ मध्ये जहाज पुन्हा लोकांसाठी उघडलं. तुमच्या बाबतीत ती 'दुसरीकडे ठेवलेली' वस्तू म्हणजे तुमच्या वह्या. त्या काढा, एका ठिकाणी लावा. पुढच्या वेळी वल्ही, सुकाणू, जाकिटं शेडमध्ये न ठेवता घरी माळ्यावर ठेवा.

तेल पुन्हा जवसाचंच लावा, सागाला ते छान बसतं. मी तेलाच्या विरोधात नाही. (जवसाच्या चटणीच्याही नाही, ती निश्चिंत खा.) फक्त प्रत्येक चिंधी काम संपताक्षणी एकेरी उलगडून बाहेर कुंपणावर वाळत घाला, एकावर एक न टाकता, पापडासारखी कडक होईपर्यंत. किंवा घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा. तेलाने भिजलेला भुसा आणि घासकामाची पूडसुद्धा चिंधीसारखीच वागते, तो झाडून कोपऱ्यात लोटायचा नाही.

खरी भीती मला वाटते ती मकरपुऱ्यातल्या इंजिनाची. तुम्हाला आवडणार नाही, पण ते मारुतीचं इंजिन नावेत बसवू नका. पैसे दिलेत, ते गेले असं समजा.

कारण असं. गाडीच्या जुन्या कार्ब्युरेटरमधून, म्हणजे पेट्रोल हवेत मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागातून, पेट्रोल थोडं ठिबकतं, नळीच्या जोडातून पाझरतं. रस्त्यावर त्याची फिकीर कुणी करत नाही, कारण खाली सडक आहे आणि इंजिनाखालून वारा वाहतो. नावेत इंजिनाखाली सडक नसते, नावेचं पोट असतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड. ती वर उडून जात नाही, पाण्यासारखी खाली ओघळते आणि त्या पोटात साचून राहते, दिसत नाही, हलत नाही. हवेत साधारण दीड टक्का पेट्रोलची वाफ मिसळली की ती पेट घ्यायला तयार असते. मग तुम्ही किल्ली फिरवता. गाडीच्या स्टार्टरमध्ये आणि अल्टरनेटरमध्ये (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्रात) कार्बनच्या ब्रशवर ठिणग्या उडतच असतात, गाडीत त्याने काही बिघडत नाही म्हणून ते भाग उघडे असतात. बोटीसाठी बनवलेले हेच भाग वेगळे असतात. ते असे बंद केलेले असतात की आतली ठिणगी बाहेरची वाफ पेटवू शकत नाही. दिसायला जुळे भाऊ, आणि गॅरेजवाला 'एकच तर आहे साहेब' म्हणून गाडीचाच बसवून देईल. बोटीच्या कार्ब्युरेटरवर इंजिनाने उलटी ठिणगी फेकली तर ती अडवायला जाळीही असते. गाडीवर ती नसते. त्यात आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं, जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि पॅकिंग त्याने फुगतात, चिरतात. म्हणजे पाझर ठरलेलाच.

यंत्र हवंच असेल तर छोटं डिझेल पाहा. डिझेलही जळतं, पण साध्या हवेत पेट्रोलसारखी वाफ सोडत बसत नाही. किंवा मागे टांगायचं आउटबोर्ड, ज्याचं इंजिन नावेच्या पोटाबाहेर, उघड्या हवेत असतं. त्याची पेट्रोलची टाकी भरायची ती घाटावर, जमिनीवर ठेवून, नावेत नाही. आणि काठोकाठ नाही, उन्हात पेट्रोल फुगतं. तरी कधी आतल्या पेट्रोल इंजिनाशी गाठ पडलीच, मित्राच्या बोटीवर म्हणा, तर सुरू करण्याआधी पोटातली हवा बाहेर फेकणारा पंखा निदान चार मिनिटं चालू ठेवायचा आणि त्यानंतरही झाकण उघडून वाकून नाकाने वास घ्यायचा. पंखा चालू झाला म्हणून पोट रिकामं झालंच, असं नाही. यंत्र लावलंत की नावेची तपासणी आणि नोंदणीही येते, २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याप्रमाणे. ते टाळू नका, विम्याचं दारही तिथूनच उघडतं. आणि घरी पेट्रोल साठवू नका. पोटमाळ्यावर कॅन ठेवण्याची दांडिया बाजारातल्या वाड्यांतली पद्धत मी पाहिली आहे, म्हणून लिहिते.

मला विचाराल तर? वल्ही. फार तर एक शीड. चांदोदला मी लहानपणी डभोईहून छोट्या गाडीने जायची, घाटावरून संगमापर्यंत वल्ह्याच्या नावेतून. नर्मदेला आणि ओरसंगला भेटायला मारुतीचं इंजिन कशाला लागतं? पण ही म्हातारीची आवड झाली, सल्ला नव्हे.

वीज तेवढी मनावर घ्या. बोटींच्या आगींत विजेचा वाटा सगळ्यात मोठा असतो, आणि लोक बारा व्होल्टला भीत नाहीत कारण हाताला झटका बसत नाही. झटका नाही, पण शॉर्ट झाल्यावर तीच बॅटरी शेकडो अँपिअर ओतते आणि वायर क्षणात लाल होते. घरात मीटरजवळ फ्यूज असतो. नावेत हौशी लोक तो विसरतात. अमेरिकेतल्या बोटींच्या मानकात साधारणपणे बॅटरीपासून ७ इंचांच्या आत फ्यूज हवा असं म्हटलंय, कारण फ्यूजच्या अलीकडची वायर उघडी पडली तर तिला राखणारा कुणीच नसतो. पिळून चिकटपट्टी लावलेले जोड चालणार नाहीत. पाण्याच्या दमटपणाने तांबं हिरवं पडतं, तिथला अडथळा वाढतो आणि तो जोड तापत राहतो. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तो हलका, वर जातो. म्हणजे पेट्रोलच्या वाफेला खालून आणि बॅटरीच्या वायूला वरून, अशी दोन्हीकडे वाट ठेवावी लागते. सगळ्यात सोपं, बॅटरी काढून घरी आणा आणि माणूस जागं असताना चार्ज करा. त्या रात्री वीज गेली नसती तर मला चार्जरवरही बोट ठेवावं लागलं असतं.

नावेत झोपायचा बेत असेल तर एक लक्षात ठेवा. २ सप्टेंबर २०१९ ला कॅलिफोर्नियाजवळ 'कन्सेप्शन' नावाच्या बोटीला पहाटे आग लागली, खालच्या झोपायच्या खोलीत अडकून ३४ माणसं गेली. चौकशीत ठळकपणे पुढे आलं ते हे की रात्री कुणी पहाऱ्यावर नव्हतं. चंद्र बघायला नावेत रात्र काढायची असेल तर आळीपाळीने जागा, आणि मोबाईल-पॉवर बँक चार्जिंगला लावून झोपू नका.

आग विझवायचं यंत्र घ्या, ए-बी-सी पावडरचं, दोन किलोचं तरी. ते जेमतेम दहा सेकंद चालतं, म्हणजे दहा सेकंदांत नाही विझलं तर पाण्यात उडी मारायची. टांगायचं बाहेर पडायच्या वाटेवर, इंजिनाशेजारी नाही. इंजिन झाकणाखाली असेल तर झाकणाला बोटाएवढं भोक ठेवा; धूर दिसल्यावर झाकण उघडलंत तर आगीला हवा देता, भोकातून पावडर मारलीत तर नाही. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतायचं नाही, पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं. शेडमध्ये मात्र पाण्याची टाकी आणि पाइप हवाच, लाकडाच्या आगीला पाण्यासारखं काही नाही. १०१ किंवा ११२ आधी, बादल्या मागून.

शेतावरच्या गड्याला रागावू नका. त्याला वास आला आणि तो उठला नाही, हे त्याला तुमच्याआधी टोचलं असेल. फक्त सहज एकदा विचारा, तो वास नक्की कधी आला? साडेआठला, की वीज गेल्या गेल्या? चारला चुरगळलेल्या चिंध्या आणि बेचाळीस अंशांच्या उन्हातला पत्रा धरून माझ्या हिशेबात साडेआठ थोडं उशिराचं वाटतं. त्याने वेगळी वेळ सांगितली तर मला कळवा, समासात दुरुस्त करेन.